पुनवेचे ढोल आणि कागदावरची रेघ

‘नॉर्मल’ या शब्दाला आपल्याकडे मराठीत कुणी दुसरा शब्द वापरत नाही आणि कन्नडमध्येही नाही. रक्त नॉर्मल, साखर नॉर्मल, बाळंतपण नॉर्मल. हा शब्द कानावर पडला की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि रिपोर्टचा कागद घडी करून कपाटात जातो. २०१८ साली मीही हेच केले, आणि ते माझ्या भाचीला भोवले. ती गोष्ट आज सांगायची आहे, तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊनच.

माझी धाकटी बहीण पेडण्याला दिली आहे. बेळगावहून चोर्ला घाट उतरायचा, साखळी, डिचोली, अस्नोडा करत कोलवाळचा पूल ओलांडायचा, की तिचे गाव. लग्न होऊन गेली तेव्हा माशांच्या वासानेही नाक मुरडायची. आता माणक्या साफ करताना तिचा हात बघत राहावा. (या माणक्यांचे पुढे काम आहे.) तिची मुलगी त्या वर्षी नववीत होती. हुशार, बोलकी. पण बोलता बोलता मध्येच थांबायची. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. हात ओढणीचे टोक चुरगाळत राहायचा, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे. मिनिटभर हे चालायचे, मग “काय म्हणालात?” असे विचारून ती पुन्हा आपल्या जागी. शाळेतून चिठ्ठी आली, मुलीचे लक्ष नसते. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, पोरीला कुणाची तरी बाधा आहे. माझ्या सासूबाई धारवाडच्या. त्यांनी फोनवरचे बोलणे ऐकून स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, “देव्व बडदैती!” दोघी म्हाताऱ्या एकमेकींना आयुष्यात भेटलेल्या नाहीत, एकीची भाषा दुसरीला येत नाही, पण निदान एकच.

मग जूनमधल्या एका रात्री तिला मोठी फिट आली. हातपाय झटकले, तोंडाला फेस, जीभ चावली गेली. शेजाऱ्यांनी हातात किल्ल्यांचा जुडगा दिला, कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी चप्पल. दोन मिनिटांनी फिट थांबली आणि श्रेय चपलेला मिळाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळे विचारून घेतले, गोळ्या सुरू केल्या आणि मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढायला सांगितले. आलेख काढला. रिपोर्ट आला, नॉर्मल.

बहिणीचा फोन आला. “अक्का, तू सायन्सची. नॉर्मल म्हणजे काही नाही ना?”

मी सत्तावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. फळ्यावर चेतापेशीची आकृती किती वेळा काढली असेल याला गणती नाही. मी म्हणाले, “नॉर्मल म्हणजे नॉर्मल गं. उगाच काळजी करू नकोस.” गोळ्यांनी मुलीला झोप यायची, पुढे दहावीचे वर्ष, आणि ‘फिटची गोळी’ चालू आहे हे चारचौघांत कळले तर पुढे लग्नाचे काय हा न बोललेला प्रश्न. काही महिन्यांनी गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी सांगितले नव्हते. मी सांगितले होते असेच म्हणायला हवे.

२०१९ च्या कोजागरीला मी पेडण्यात होते. पेडण्याची पुनव ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. दसऱ्यापासून चाललेला उत्सव कोजागरीच्या रात्री शिगेला पोचतो. भगवतीच्या देवळापुढे, त्या दोन मोठ्या हत्तींच्या आसपास, पाय ठेवायला जागा नसते. रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगे निघतात, ढोल-ताशे रात्रभर वाजत असतात. ज्यांना बाधा झाली आहे असे घरच्यांना वाटते, त्यांनाही या रात्री तिथे आणतात. बहिणीच्या सासूबाईंनी नवस बोललेला होता, म्हणून मुलीलाही नेले. दोन रात्री पाहुण्यांच्या गडबडीत तिची झोप झालेली नव्हती. पहाटे कधीतरी, गर्दीत, ढोलांच्या आवाजात तिला फिट आली आणि ती दगडी फरशीवर पडली. भुवईच्या वर चार टाके पडले.

मला ते टाके आठवतात, पण त्याहून दुसरे काही जास्त आठवते. तिच्याभोवती माणसांनी रिंगण केले, जागा दिली, आणि त्यातल्या कित्येकांनी हात जोडले. ते तिला नमस्कार करत होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मीच त्या रिंगणात अशी एकटी होते, जिला खरे काय ते ठाऊक असायला हवे होते.

नंतर डॉक्टरांसमोर बसून मी पहिल्यांदा नीट विचारले, की आलेख नॉर्मल आला आणि फिट तर खरी, मग चुकले कोण? त्यांनी मला उलट विचारले, “बाई, डोक्याच्या कातडीवर चिकटवलेल्या तारेला आतले कळते कसे, हे तुम्ही मुलांना शिकवलेत का?” नव्हते शिकवले. पुस्तकात ते नव्हतेच. त्यांनी सांगितले आणि मग मी वाचून काढले ते असे.

आपल्या मुलांच्या पुस्तकांत पेशीचे नाव भाषेप्रमाणे बदलते. मराठी माध्यमात ती चेतापेशी, कन्नड माध्यमात नरकोश; तिथे ‘नर’ म्हणजे नस. (आमच्या घरी एकदा ‘नरमंडल’ म्हणजे पुरुषांचे मंडळ असा अर्थ लावून झाला आहे.) नाव काहीही असो, ती पेशी वीज कशी तयार करते हे पाहायचे तर अगरवाड्याकडची खाजन शेते डोळ्यांपुढे आणावीत. शापोरा नदीच्या काठाने मिठागरे आणि भातशेती, भोवती बांध, आणि बांधात जागोजाग लाकडी झडपांचे दार. या दाराला तिकडे ‘मानस’ म्हणतात. भरतीच्या रेट्याने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते. कुणी राखणदार बसवून तिची उघडझाप करावी लागत नाही. शब्द मोठा योगायोगाचा आहे, कारण पेशीतही असलीच दारे असतात.

चेतापेशीभोवतीचा पातळ पडदा म्हणजे बांध. बाहेर खारे पाणी, त्यात सोडियम भरपूर. आत पोटॅशियम जास्त. पडद्यात बसलेले पंप प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. आतले थोडे पोटॅशियम झिरपून बाहेर जात राहते आणि जाताना आपला धन भार घेऊन जाते. त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलचा हा जेमतेम विसावा हिस्सा. पण ही स्थिती टिकवायला रात्रंदिवस उपसा चालू ठेवावा लागतो. वजनाने शरीराचा पन्नासावा भाग असलेला मेंदू शरीराची पाचवा हिस्सा ऊर्जा खातो, त्यातला मोठा वाटा या उपशात जातो.

शेजारच्या पेशींकडून निरोप येऊन हे ७० चे ५५ च्या आसपास आले, की सोडियमच्या मानशी धडाधड उघडतात. त्या पाण्याच्या दाबावर नाही, विजेच्या दाबावर उघडतात, एवढाच फरक. सोडियम आत घुसते, आतली बाजू क्षणभर धन होते. एखाद्या मिलिसेकंदात त्या मिटतात, पोटॅशियमच्या उघडतात, आणि पेशी पुन्हा जागेवर येते. हा झाला एक ठोका. तो पेशीच्या लांब धाग्यावरून पुढे पळतो.

हे कळले ते माणक्यांमुळे. माणकीला संकटात पाण्याचा झोत सोडून पळायचे असते, म्हणून तिच्या अंगात एक जाडजूड चेतातंतू असतो, अर्ध्या ते एक मिलिमीटरपर्यंत. माणसाचे तंतू याच्या शेकडोपटीने बारीक. इंग्लंडात प्लिमथच्या समुद्रकिनाऱ्यावरील प्रयोगशाळेत हॉजकिन आणि हक्सली यांनी १९३९ साली या तंतूच्या आत तार घालून ठोका मोजला. मध्ये महायुद्ध आले. १९५२ साली त्यांनी सोडियम-पोटॅशियमचा सगळा हिशेब मांडला आणि १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. बहीण जी ओढून फेकून देते त्या आतड्या-नसांतच ते सगळे होते. मी तिला हे सांगितले तर म्हणाली, “मग आता टाकू की ठेवू?”

पण ही झाली पेशीच्या आतली मोजणी. बाहेर कळते कसे? ही पायरी मी इतकी वर्षे गाळत आले.

विजेला फिरायला पुरी वाट लागते, हे आपण सेल आणि बल्ब जोडून मुलांना दाखवतो. पेशीलाही तोच नियम. एका ठिकाणी धन कण आत शिरले, की तितकाच प्रवाह दुसऱ्या ठिकाणी पडद्यातून बाहेर पडतो आणि बाहेरच्या खाऱ्या पाण्यातून वळसा घेऊन पहिल्या जागी येतो. जिथे प्रवाह आत शिरतो तिथले बाहेरचे पाणी किंचित ऋण होते, जिथून निघतो तिथले किंचित धन. हा बाहेरचा फरक मोजता येतो. केसाहून बारीक तार पेशीपासून दशांश मिलिमीटरच्या आत नेली, तर एकट्या पेशीचा ठोकाही टिपता येतो. मात्र आत १०० मिलिव्होल्टची उसळी असली, तर बाहेर तिचा हजारावा हिस्सा पोचला तरी पुष्कळ. थोडे दूर गेले की तोही विरतो.

मग कवटीबाहेर काय येणार? मध्ये पाणी, आवरणे, हाड, कातडी. त्यातले हाड तर विजेच्या बाबतीत महाकंजूष. एकट्या पेशीचे तिथे काहीही पोचत नाही.

मला वाटायचे की आलेखातली रेघ म्हणजे पेशींच्या ठोक्यांची नोंद. ते बहुतांशी चूक आहे. ठोका मिलिसेकंदाचा, आला तसा गेला. हजारो पेशींचे ठोके नेमके एकावर एक पडणे कठीण. पेशीला शेजाऱ्यांकडून जे निरोप मिळतात, त्यांनी तिच्या फांद्यांत जो प्रवाह सुरू होतो, तो मात्र दहा-वीस मिलिसेकंद किंवा अधिक रेंगाळतो. असे रेंगाळणारे प्रवाह एकमेकांत मिसळतात, साठतात. रेघ मुख्यतः त्यांची असते. पेशी काय बोलल्या यापेक्षा त्यांनी काय ऐकले, ते कागदावर उमटते.

तेही सगळ्यांचे नाही. डिचोलीकडून येताना रस्त्याच्या कडेची कुळागरे पाहा. पोफळी कशा एकमेकींना समांतर, सरळ आभाळाकडे उभ्या, आणि मध्येमध्ये झुडपे, ज्यांच्या फांद्या चारी दिशांना. मेंदूच्या वरच्या थरात पिरॅमिडच्या आकाराच्या पेशी असतात, त्या पोफळीसारख्या ओळीने उभ्या असतात. एक लांब फांदी वर पृष्ठभागाकडे, बुंधा खाली. सगळ्यांचा प्रवाह एकाच दिशेने वरखाली होतो, म्हणून त्यांच्या बाहेरच्या खुणा एकमेकांत मिळून वाढतात. झुडपासारख्या पेशींत प्रवाह चहूकडे जातो आणि एकाचे दुसऱ्याने फिटते. त्याही काम करतच असतात, पण बाहेर त्यांचा पत्ता लागत नाही.

आणि नुसते ओळीत असणेही पुरत नाही, एका वेळी हवे. बहिणीचे घर देवळापासून दीडेक मैलावर. पुनवेच्या रात्री देवळापुढे उभे राहिले तर हा ढोल कुणाचा आणि तो ताशा कुणाचा, वेगळे ओळखता येते. घरच्या ओट्यावर बसले तर एकट्या ढोलाचा आवाज येत नाही. सगळ्यांचा मिळून पडलेला ठोका तेवढा येतो. वाजवणारे सुटले, जो तो आपापल्या ठेक्यात वाजवू लागला, की ओट्यावर फक्त गुणगुण. देवळापुढे आवाज तितकाच असतो! डोक्यावर चिकटवलेली तार ही त्या ओट्यावर बसलेली असते. पोस्टाच्या तिकिटाएवढा किंवा त्याहून मोठा मेंदूचा पट्टा, त्यातल्या कोट्यवधी पेशी एका ठेक्यात आल्या, तरच तिला काही ऐकू येते. जे येते तेही साधारण ५० मायक्रोव्होल्टचे, टॉर्चच्या सेलचा तीस हजारावा हिस्सा.

हे ऐकू येते हे माणसाच्या बाबतीत पहिल्यांदा दाखवले ते जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने. त्याआधी १८७५ साली लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर असे प्रवाह टिपले होते. बर्गर या वाटेला लागला त्याचे कारण मात्र घरगुती होते. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडून मरता मरता वाचला. त्याच दिवशी दूर गावी त्याच्या बहिणीला आतून काळजी वाटू लागली आणि तिने वडिलांना तार करायला लावली. बहिणीला कळ कशी पोचली, हे शोधायला तो मेंदूच्या मागे लागला. ते त्याला कधीच सापडले नाही. १९२४ साली त्याने माणसाच्या डोक्यावरून पहिली रेघ काढली, पाच वर्षे ती कुणाला दाखवली नाही, आणि १९२९ साली छापली तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग करून तो खरा असल्याचे सांगितले. डोळे मिटून स्वस्थ बसले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला आठ ते तेरा लाटा येतात आणि डोळे उघडले की त्या मोडतात, हे बर्गरचेच निरीक्षण. आजही तपासणीची सुरुवात तिथूनच होते.

आता माझ्या चुकीकडे येते. भाचीची ती टक लावून बसायची लकेर आणि ओढणी चुरगाळणे, हे कानशिलाच्या आतल्या भागातून सुरू होणाऱ्या फिटचे लक्षण होते. तो भाग खोल आणि घडीघडीचा. दोन फिटच्या मधल्या काळात तिथल्या एखाद्या लहान पट्ट्यात पेशी अधूनमधून एका ठेक्यात येतात, पण पट्टा लहान आणि लांब असला तर ओट्यावर काहीच ऐकू येत नाही. शिवाय साधा आलेख निघतो वीस-तीस मिनिटे. तेवढ्यात तिथले ढोल वाजलेच पाहिजेत असे थोडेच आहे? ज्यांना खरोखर अपस्मार आहे, त्यांतल्या साधारण निम्म्या लोकांच्या पहिल्या आलेखात काहीही सापडत नाही. निम्म्या! झोपेतला आलेख, पुन्हा काढलेला आलेख, असे केले की सापडण्याचे प्रमाण वाढते. उलट ज्यांना आयुष्यात कधी फिट आली नाही अशा थोड्या माणसांच्या आलेखात तसल्या खुणा दिसतात. म्हणून रोग ठरतो तो झटका डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून. पहिल्या डॉक्टरांनी तेच केले होते, रिपोर्टची वाट न पाहता गोळ्या दिल्या होत्या. घरात ‘सायन्सची’ म्हणून मी होते, म्हणून त्या थांबल्या.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी सांगितले, आदल्या रात्री अगदी थोडे झोपवा, तपासणीत झोप लागली पाहिजे. डोके धुऊन आणायचे, तेल लावायचे नाही. बहिणीच्या सासूबाईंनी तेवढ्यावरच आक्षेप घेतला, बिनतेलाच्या डोक्याने मुलगी घराबाहेर? त्यांना खरी भीती वेगळी होती. वायरी लावून शॉक देतात, असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. शॉकचा उपचार हा पूर्णपणे वेगळा प्रकार, तो काही मनोविकारांवर भूल देऊन करतात. ईईजीचे यंत्र डोक्यात काहीही सोडत नाही, ते फक्त ऐकते. हे मी त्यांना तीनदा सांगितले. शेवटी त्या स्वतःच खोलीत येऊन बसल्या.

डोके फुटपट्टीने मोजून एकवीस ठिकाणी मलम लावून वाट्यांसारख्या चकत्या चिकटवल्या. कुठे चिकटवायच्या ते १९५८ पासून जगभर ठरलेले आहे, म्हणजे बेळगावचा आलेख बंगळूरला नेला तरी वाचता येतो. “डोळे मीट, बाय,” असे सांगताच पडद्यावर लाटा आल्या, उघडताच गेल्या. सासूबाईंनी ते दोनदा करून दाखवायला लावले. मग लुकलुकता दिवा, मग तीन मिनिटे जोरजोराने श्वास. काही नाही. मग तिला झोप लागली, आणि दहाएक मिनिटांनी डाव्या कानशिलाकडच्या दोन-तीन रेघांत एक टोकदार सुळका आला, मागोमाग एक मंद लाट. पुन्हा शांत. मग परत. मुलगी गाढ झोपलेली, चेहऱ्यावर काही नाही. सासूबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “हेंच तें?” मी मान हलवली. त्यानंतर बाधा हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मी इतके समजावून जे झाले नाही, ते त्या सुळक्याने केले. पण हेही लिहायला हवे, की सुळका त्या दिवशीही आला नसता तरी गोळ्या चालू करायच्याच होत्या. डॉक्टरांनी ते आधीच बजावले होते.

आपल्या भागातल्या घरांसाठी काही गोष्टी लिहून ठेवते. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. किल्ल्या, कांदा, चप्पल यांनी काही होत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून त्यांना यश आल्यासारखे वाटते. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्हीकडे हाच नंबर आहे. जमले तर मोबाइलवर चित्रण करा. डॉक्टरांना त्याचा उपयोग आलेखाइतकाच होतो, कधी जास्तच. चालू गोळी एकदम बंद करणे आणि रात्रीचे जागरण, या दोन गोष्टी फिटला बोलावणे धाडतात. आम्ही दोन्ही केल्या होत्या. निदान दोन वर्षे एकही फिट नसली तर गोळी कमी करायचा विचार डॉक्टर करतात, आणि तोही हळूहळू.

लग्नाचेही बोलते, कारण गोळ्या खरे तर त्या भीतीनेच थांबल्या. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडचण म्हणून वेडाच्या झटक्यांच्या शेजारीच अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ साली दुरुस्ती होऊन तो काढून टाकला. गोव्यात नागरी कायदाच वेगळा आहे, पण बेळगाव, कोल्हापूर, धारवाडच्या घरांना हे माहीत असायला हवे. कायद्यातून शब्द गेला तरी बोलणी करायला बसलेल्या माणसांच्या मनातून तो गेलेला नाही, आणि म्हणूनच कित्येक घरांत गोळ्यांची पाकिटे पिठाच्या डब्यात लपवलेली असतात. लपवलेली गोळी चुकते. चुकली की फिट येते.

भाची आता बी.कॉम. झाली, म्हापशाला हिशेबाचे काम करते. २०२१ पासून तिला एकही फिट आलेली नाही. गोळी चालू आहे, तिची वेळ तिच्या मोबाइलमध्ये वाजते आणि ती ती चारचौघांत घेते. पुनवेला अजून जाते. देवीची ओटी भरून, तरंगांना हात जोडून दहाच्या आत घरी परत. जागरण नको म्हणून आजीच तिला हाताला धरून आणते. ढोल मग ओट्यावरून ऐकतात दोघी, झोप येईपर्यंत.